नव्या मंडळीसाठी कोणाच्या दारी जावे?

वाचन : प्रेषितांची कृत्ये १६:६-१५ व ४०, लूक १०:१-९, योहान १:४०-४६, रोमकरांस पत्र १५:२०

नवी मंडळी सुरू करण्याचा विचार निघाला म्हणजे आपल्या सभांतून पहिला प्रश्न जागेचा निघतो आणि दुसरा पैशाचा. सेवकाचे मानधन कोण देणार, पेटी व तबला कोठून आणावा, फलक कोणत्या भाषेत लिहावा, यावर तासन्‌तास बोलणे होते. कोणाकडे जायचे, हा प्रश्न मात्र "घरोघरी भेटी द्याव्यात" एवढ्या एका ठरावात आटोपला जातो. या पाठात आपण तोच प्रश्न आधी घेणार आहोत. मोघम बोलण्यापेक्षा एखादे ठिकाण डोळ्यांपुढे असावे, म्हणून तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्यातील नार्नूरचा परिसर आपण उदाहरणासाठी घेऊ. सीमेवरच्या मराठी मंडळ्यांना तो परका नाही, आणि तेथे जे अडते ते थोड्याफार फरकाने किनवटला, राजुऱ्याला किंवा जिवतीलाही अडते.

नार्नूर हे मंडलाचे गाव. हा सारा उटनूरकडील डोंगराळ, आदिवासी मुलूख. येथे गोंड आहेत, कोलाम आहेत, परधान व आंध आहेत, बंजाऱ्यांचे तांडे आहेत. शिवाय शेतीसाठी, व्यापारासाठी व नोकरीसाठी आलेली मराठी, तेलुगू व उर्दू बोलणारी घरे आहेत. हा जिल्हा पूर्वी निजामच्या हैदराबाद राज्यात होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट व राजुरा हे भाग तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले आणि उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात राहिला. २०१४ पासून तो तेलंगणात आहे. सीमा कागदावर बदलली तरी सोयरीक बदलली नाही. सीमेच्या अलीकडची मुलगी पलीकडे दिलेली असते, आणि पलीकडचा मामा लग्नाला अलीकडे येतो. बाजारात मराठी चालते, कचेरीत तेलुगू लागते, आणि चुलीपाशी गोंडी, कोलामी नाहीतर गोरमाटी बोलली जाते. अशा ठिकाणी मंडळीसाठी "लोक गोळा करणे" म्हणजे नेमके कोणाला बोलावणे?

आता वाचनाकडे वळू. त्रोवसात पौलाला रात्री दृष्टान्त झाला. मासेदोनियाचा एक पुरुष उभा राहून मदतीला बोलावत होता. पौल व त्याचे सोबती निघाले, फिलिप्पैस पोहोचले, तेथे काही दिवस राहिले. आणि शब्बाथ दिवशी वेशीबाहेर नदीकाठी गेले, तेव्हा त्यांना भेटल्या त्या स्त्रिया. दृष्टान्तात पुरुष आणि नदीकाठी बायका! आपण असतो तर बहुधा "योग्य माणसे अद्याप भेटली नाहीत" असा अहवाल लिहिला असता. पौल मात्र खाली बसला आणि बोलू लागला. लुदिया ही थुवतीराची, जांभळी वस्त्रे विकणारी बाई; ती आधीच देवाची उपासना करीत होती. प्रभूने तिचे अंतःकरण उघडले. तिचा व तिच्या घरच्यांचा बाप्तिस्मा झाला आणि मग तिने आग्रह करून या पाहुण्यांना आपल्या घरी ठेवून घेतले. चाळिसाव्या वचनापर्यंत येतो तो तिच्या घरी बंधुजन जमलेले दिसतात. फिलिप्पैची मंडळी तेथे उभी राहिली.

या भागात तीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पौल आधी प्रार्थना होत होती तेथे गेला. जी माणसे समोर आली त्यांच्याशी बोलला, मनात धरलेल्या माणसांची वाट पाहत बसला नाही. आणि जागा पौलाने शोधली नाही. ती त्या बाईच्या घरातून मिळाली.

आधी प्रार्थना होत असलेली ठिकाणे नार्नूरसारख्या भागातही असतात. बदलीवर आलेला शिक्षक, आरोग्य केंद्रातील परिचारिका, पोलीस ठाण्यातील शिपाई यांच्यापैकी कोणी ना कोणी ख्रिस्ती कुटुंबातला असतो आणि रविवारी एकटाच घरी पवित्र शास्त्र उघडतो. माहेरी विश्वासात वाढलेली आणि सासरी एकटी पडलेली सून असते. यांच्याकडे प्रथम जावे. पण येथेच एक मोह आहे आणि त्याबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. जवळपास दुसरी मंडळी असेल, मग ती तेलुगू असो की दुसऱ्या पंथाची, तर तिचे सभासद आपल्याकडे वळवून पट भरणे सर्वांत सोपे असते. सहा महिन्यांत चाळीस नावे होतात, वरिष्ठांना आनंद होतो आणि देवाच्या राज्यात एकाही माणसाची भर पडलेली नसते. दुसऱ्याने घातलेल्या पायावर बांधू नये अशी पौलाची धडपड होती, ती रोमकरांस पत्राच्या पंधराव्या अध्यायात पाहावी. म्हणून कोणी दुसऱ्या मंडळीतून आपणहून आला तर त्याच्या पाळकाला आधी भेटावे. भाषेच्या अडचणीमुळे तो आला असेल तर दोन्ही पाळकांनी मिळून ठरवावे. भांडून आला असेल तर त्याला प्रथम परत पाठवावे. तो आपल्याकडेही भांडेल.

यानंतरचा वर्ग नातलगांचा. अंद्रियाने प्रथम आपल्या भावाला गाठले. फिलिप्पाने नथनेलास गाठले आणि नथनेलाच्या शंकेला उत्तर देत न बसता "येऊन पाहा" एवढेच सुचवले. आपल्या दमोह गावी १८९७ मध्ये जन्मलेले मिशनरी डोनाल्ड मॅकगॅव्हरन यांनी मध्य भारतात अनेक वर्षे काम करून १९५५ मध्ये एक पुस्तक प्रसिद्ध केले. सुवार्ता नात्यागोत्याच्या पुलांवरून जाते, आणि विश्वासणाऱ्याला त्याच्या लोकांतून उचलून मिशनच्या आवारात आणून बसवले की तो पूल तुटतो, असे त्यांचे म्हणणे थोडक्यात सांगता येईल. त्यांची सगळी मते आम्हांस पटतात असे नाही. एकाच जातीची वेगळी मंडळी सोयीची म्हणून तशीच राहू द्यावी, या दिशेला त्यांचे विचार ओढले जातात, आणि आपल्या देशात तो धोका लहान नाही. परंतु पुलाची गोष्ट खरी आहे.

याच जुन्या निजामी मुलुखातले एक उदाहरण घेऊ. रेव्ह. नारायण शेषाद्री यांचा बाप्तिस्मा १८४३ मध्ये मुंबईस झाला. पुढे स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे सेवक म्हणून त्यांनी जालन्याच्या बाजूस काम उभारले. मांग व महार समाजांतील अनेक कुटुंबे विश्वासात आली. त्यांना गावात जाच होऊ लागला, पाणी व मजुरी तोडली जाऊ लागली, तेव्हा जालन्याजवळ बेथेल नावाचे ख्रिस्ती खेडे वसवण्यात आले. त्यासाठी सर सालारजंग यांच्या कारभारात जमीन मिळाली. छळलेल्या माणसाला छप्पर देणे हे ख्रिस्ताचेच काम, त्याला नावे ठेवण्याचा आपल्याला अधिकार नाही. तरी वेगळे खेडे वसले की गावातल्या उरलेल्या भावकीशी रोजचा संबंध कमी होतो, हा त्याचा दुसरा भाग आहे. आज नव्याने काम करताना विश्वासणाऱ्याला त्याच्याच गुड्यात, त्याच्याच तांड्यात, त्याच्याच शेजारात टिकवून धरण्याचा प्रयत्न आधी करावा. जागा सोडणे हा अगदी शेवटचा उपाय.

शेषाद्रींच्याच घरची आणखी एक गोष्ट आहे. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हा तेव्हा सुमारे बारा वर्षांचा होता आणि तोही मिशनरींच्या घरी राहू लागला. वडील न्यायालयात गेले, न्यायालयाने मुलगा वडिलांच्या ताब्यात दिला आणि त्याला पुन्हा जातीत घ्यावे की नाही यावरून ब्राह्मण समाजात मोठा वाद माजला. सारी मुंबई त्या वेळी या प्रकरणाने ढवळून निघाली. हे आज सांगण्याचे कारण असे की नव्या ठिकाणी सर्वांत आधी येतात ती मुले. गाणे ऐकू आले की मुले धावतात. पंधरा दिवसांत शब्बाथ शाळा भरते आणि सेवकाला वाटते, काम उभे राहिले. त्या मुलांच्या आईबापांना तो भेटलेला नसतो. आमचे मत असे की आईबापांच्या घरी जाऊन, त्यांच्याशी बोलून, त्यांची राजीखुशी घेतल्याशिवाय एकाही मुलाचे नाव पटावर घालू नये. कदाचित तीस मुलांची पाच होतील. त्या पाचांच्या मागे पाच घरे असतील.

भाषेविषयी. मराठी मंडळी सुरू करायची म्हणजे सर्वांनी मराठीत प्रार्थना केली पाहिजे असे नाही. आदिलाबादकडील परधान, म्हणजे गोंडांच्या कुळकथा गाणारे लोक, हे घरी मराठी बोलणारे. आंधांचीही भाषा मराठी. त्यांना मराठी उपासना आपली वाटेल. गोंड बाईला ती बाजाराची भाषा वाटेल; समजेल, पण रडू त्या भाषेत येणार नाही. नागपूरचे रेव्ह. स्टीफन हिस्लॉप यांनी गोंडांची भाषा व गाणी टिपून ठेवली. १८६३ मध्ये त्यांचा बुडून अंत झाल्यावर ते टिपण १८६६ मध्ये छापले गेले. १९४० च्या दशकात हायमेनडॉर्फ यांनी याच जिल्ह्यात मारलवाई येथे गोंड शिक्षक तयार करण्याचे काम सुरू केले, तेव्हा गोंडी वाचनपुस्तके देवनागरीत निघाली. म्हणजे गोंडी लिहिता येते व शिकवता येते, हे फार पूर्वी सिद्ध झाले आहे. तेव्हा उपासनेत निदान एक गीत, एक प्रार्थना आणि साक्ष ही घरच्या भाषेत होऊ द्यावी. आणखी एक व्यावहारिक अडचण आहे. आजोबा देवनागरी वाचतात आणि नातू तेलुगू शाळेत जातो, असे घर असेल तर एका घराला दोन पवित्र शास्त्रे लागतील. नातवाने तेलुगूतून वाचावे, आजोबांनी मराठीतून. अर्थ लावताना दोघे गोंडीत बोलतीलच. असा कौटुंबिक वचनपाठ आपल्या शहरी मंडळ्यांतूनसुद्धा क्वचितच होतो.

पहिली सभा कोणाच्या अंगणात भरते, यावर पुढे कोण येणार हे पुष्कळसे ठरते. लमाणी समाजाचा तेलंगण भागात अनुसूचित जमातींत समावेश १९७६ च्या कायद्याने झाला; तेव्हापासून जमिनी, नोकऱ्या व सवलती यांवरून गोंड व लमाणी यांच्यात तेढ आहे, आणि २०१७ मध्ये ती फार विकोपाला गेली होती. सेवकाने तांड्यावरच बस्तान ठेवले की गुड्यातले लोक मंडळीला तांड्याची समजतात, आणि उलटही तसेच. लूकाच्या दहाव्या अध्यायात प्रभू शिष्यांना सांगतो की ज्या घरी स्वागत होईल तेथेच राहा, पुढे वाढले ते खा, घरे बदलत फिरू नका. याचा अर्थ असा की कोलामाच्या झोपडीत प्रथम पाणी मिळाले असेल तर नंतर सरपंचाचे पक्के घर उघडले म्हणून मुक्काम हलवू नये. मुक्काम एका घरी, पण भेटी सर्वांच्या घरी; आणि ज्या दिवशी गोंड, लमाणी, आंध व बदलीवर आलेला तेलुगू शिक्षक एका भाकरीचे वाटेकरी होतील, तो दिवस घाईने आणता येत नाही, तसाच तो "पुढे बघू" म्हणून टाकूनही चालत नाही. पहिल्या प्रभुभोजनापासून एकच मेज असावे. दोन मेजांनी सुरुवात केली तर पुढे ती एक करणे फार कठीण जाते, हे आपल्या जुन्या मंडळ्यांना वेगळे सांगायला नको.

आता जत्रेचा प्रश्न, कारण तो टळत नाही. नार्नूरला पौष पौर्णिमेच्या सुमारास खामदेवाची जत्रा भरते. ती तोडसम कुळाची. त्या कुळातील एक स्त्री नवस म्हणून तिळाचे तेल पिते, आणि दूरदूरचे भाऊबंद त्यासाठी जमतात. अशा कुळातील कोणी ख्रिस्ताकडे वळू लागला तर त्याने काय करावे? काही सेवक पहिल्या महिन्यातच त्याच्याकडून जत्रेला न जाण्याचे वचन घेतात. आम्हांस हे बरोबर वाटत नाही. करिंथकरांस पहिल्या पत्राचे आठ ते दहा हे अध्याय त्याच्याबरोबर सावकाश वाचावेत. पूजा व नवस हे ख्रिस्ताबरोबर चालणार नाहीत, हे त्याला वचनातून कळेल आणि ते झाकून ठेवू नये. परंतु जत्रेला आलेल्या आत्याला जेवू घालणे, पाहुण्यांसाठी लाकूडफाटा आणणे, म्हाताऱ्याला बैलगाडीत बसवून नेणे ही भावकीची कामे आहेत. ती त्याने दुप्पट उत्साहाने करावीत. आणि सेवकाने कोणाच्याही देवाची, नवसाची किंवा नाचाची थट्टा करू नये. अथेन्सला पौलाचा जीव आतून जळत होता, तरी त्याच्या भाषणात टवाळी नाही.

ज्याला बोलावतो त्याला खरे सांगितले पाहिजे. येथे आपल्या लोकांकडून फार हयगय होते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख (१९५६ पासून) व बौद्ध (१९९० पासून) यांनाच मिळतो. म्हणून अनुसूचित जातीचा मनुष्य ख्रिस्ती झाला की तो दर्जा जातो. तेलंगणात अशांची गणना मागासवर्गीयांच्या 'क' गटात होते. अनुसूचित जमातीच्या दर्जाला धर्माची अशी अट नाही. हे बाप्तिस्म्यापूर्वी समजावून सांगणे पाळकाचे कर्तव्य आहे. मुलीची शिष्यवृत्ती गेल्यावर बापाला ते कळू नये. सांगितल्यावर काहीजण मागे फिरतील. धनवान तरुण मागे फिरला तेव्हा प्रभूने त्याच्यामागे धावून अट सैल केली नाही. पण त्याच्याकडे पाहून त्याच्यावर प्रीती केली, हे मार्काने मुद्दाम नोंदवले आहे. जो मागे फिरला त्याच्या घरी पुढच्या आठवड्यातही जावे.

तसेच मदतीचे. भुकेल्याला धान्य देणे हे वचनाप्रमाणे आहे. उपासनेला येणाऱ्यालाच धान्य देणे हा सौदा आहे. मंडळीतर्फे काही द्यायचे असेल तर गरज पाहून द्यावे, आणि शक्यतो जो कधीच सभेला येणार नाही अशा शेजाऱ्यापासून सुरुवात करावी. आजाऱ्यासाठी प्रार्थना अवश्य करावी; गोळ्या बंद करा असे कधीही सांगू नये, उलट क्षयाच्या रोग्याला आरोग्य केंद्रात सोबत करावी. आपल्या राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमाने धर्म आचरण्याचा व त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे. स्टॅनिस्लाउस खटल्यात १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा हक्क येत नाही. काही बंधूंना हा निकाल जाचक वाटतो. तो असो, माणसाचे अंतःकरण उघडणे हे आपल्या हातचे नाही एवढे तर लुदियाच्या गोष्टीतच लिहिले आहे.

जागेचा विषय आम्ही मागे ठेवला तो अकारण नाही. हा अनुसूचित क्षेत्राचा मुलूख आहे. १९५९ चा जमीन हस्तांतरण विनियम व त्यातील १९७० ची दुरुस्ती यांमुळे येथील जमीन बिगर-आदिवासी व्यक्तीच्या किंवा बाहेरच्या न्यासाच्या नावे होऊ शकत नाही. कोणाच्या तरी नावावर कागद करून, वर पत्रे टाकून प्रार्थनागृह उभारण्याची घाई केली तर पुढे कज्जे होतात, आणि ज्या विश्वासणाऱ्याच्या नावावर कागद असतो तोच त्यात भरडला जातो. तेव्हा लुदियाप्रमाणे कोणाचे अंगण व ओसरी मिळाली तर तेवढ्यावर बरीच वर्षे समाधानाने चालावे.

आणखी एका वर्गाचा उल्लेख करायचा राहतो. दारात उभे राहून ऐकणारे, प्रभूवर मन बसलेले, पण बाप्तिस्मा न घेतलेले असे लोक सर्वत्र असतात. रेव्ह. नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये 'देवाचा दरबार' काढला तो अशांनाही सामावून घेण्यासाठी. बाप्तिस्मा झालेले व न झालेले ख्रिस्तभक्त तेथे एकत्र यावेत अशी त्यांची कल्पना होती. तिच्यावर तेव्हाही वाद झाला आणि प्रभुभोजनाच्या बाबतीत मंडळीची शिस्त आपण सोडू शकत नाही. पण टिळकांना ही तळमळ का होती, ते त्यांच्या घरात पाहिले म्हणजे कळते. त्यांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला, आणि लक्ष्मीबाईंचा १९०० मध्ये. एवढ्या मोठ्या वक्त्याला व कवीला स्वतःच्या घरच्या माणसासाठी पाच वर्षे थांबावे लागले. आपण मात्र सेवकाला नार्नूरला पाठवून वर्षाअखेर आकडा मागतो!

भेटींच्या पद्धतीविषयी थोडे. आषाढ-श्रावणात पेरणी-निंदणीची घाई आणि पुढे कापूस वेचणीचे दिवस. तेव्हा दिवसा घरी म्हाताऱ्यांखेरीज कोणी सापडत नाही. दिवाळीच्या सुमारास गोंडांची दंडारी असते, त्या वेळी गावेच्या गावे पाहुणी जातात. वेचणी संपल्यावर संध्याकाळच्या भेटी उत्तम. दोघांनी जावे, त्यांत एक स्त्री असावी, नाहीतर बायकांशी बोलणेच होत नाही. एक साधी वही ठेवावी : घर कोणाचे, भाषा कोणती, सोयरे कोठले, पुढे कधी यायला सांगितले. दुखणी व घरगुती भांडणे वहीत लिहू नयेत, ती प्रार्थनेत ठेवावीत. आणि भ्रमणध्वनीवर फोटो काढून देणगीदारांना पाठवण्याची जी सवय हल्ली लागली आहे, ती नव्या कामात तरी पूर्ण बंद असावी. ज्या बाईने फक्त पाणी दिले व प्रार्थनेसाठी डोके झाकले, तिचा फोटो "नवी विश्वासणारी" म्हणून फिरू लागला आणि तो तिच्या भावकीच्या हाती पडला, तर त्या घराचे दार आपल्याला कायमचे बंद होईल आणि तिचे काय होईल ते निराळेच.

वडील मंडळाने व महिला मंडळाने या पाठावर एकत्र बसून पुढील प्रश्नांचा विचार करावा. आपल्या मंडळीतील किती कुटुंबांचे सोयरे सीमेपलीकडे आहेत, आणि त्यांच्याकडे आपण शेवटचे कधी गेलो होतो? आपल्या पटावरील नव्या नावांपैकी किती दुसऱ्या मंडळीतून आलेली आहेत? आपल्याकडे येणाऱ्या मुलांपैकी कोणाच्या घरी आपण अद्याप गेलेलो नाही? आणि बाप्तिस्म्याच्या वर्गात दाखल्याविषयी कोण बोलणार, हे ठरले आहे काय?